वर्दी देणारे हात

कोल्हापूर शहरातून कळंब्याकडे निघाले की वाटेत शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था लागते. मध्यवर्ती कारागृह याच परिसरात आहे आणि शहराला पाणी पुरविण्यासाठी एकोणिसाव्या शतकात बांधलेला कळंबा तलावही येथून जवळच आहे. करवीर व आसपासच्या तालुक्यांतील मुले या संस्थेत जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री असे व्यवसाय शिकतात. प्रमाणपत्र हाती पडल्यावर त्यांपैकी बहुतेकांची पावले उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलकडच्या औद्योगिक वसाहतींकडे वळतात. ओतशाळा, यंत्रशाळा व साखर कारखाने ही या जिल्ह्यातील मुलांच्या परिचयाची कार्यक्षेत्रे होत.

वीजतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा व्यवसाय शिकलेल्या मुलाला आणखी एक वाट मोकळी आहे. परंतु तिची माहिती पालकांना क्वचितच असते. इमारतींमध्ये आगीची सूचना देणारी यंत्रणा बसविणे, पाण्याच्या फवाऱ्यांची व नळांची जोडणी सांभाळणे, चोरीविरुद्ध इशारा देणारी साधने, कॅमेरे व कुलूपबंद दरवाजे यांची उभारणी आणि देखभाल करणे, असे हे काम आहे. हे काम करणाऱ्या तरुणास ग्राहक सरसकट ‘इंजिनिअर’ म्हणतात. त्याच्यापाशी पदवी असतेच असे नाही. पुष्कळदा तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून निघालेला असतो आणि उरलेले सर्व शिडीवर उभे राहून शिकलेला असतो. इंग्लंडमध्ये अग्निसूचक व सुरक्षा यंत्रणांच्या तंत्रज्ञासाठी स्वतंत्र शिकाऊ उमेदवारी ठरवून दिलेली आहे. आपल्याकडे हा मार्ग थोडा वळणाचा असला, तरी तो अस्तित्वात आहे.

या कामाचे मोल कोल्हापूरकरांना वेगळे सांगावयास नको. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. राजर्षी शाहू महाराजांनी उभारविलेले व 1915 साली पूर्ण झालेले हे नाट्यगृह पूर्वी पॅलेस थिएटर म्हणून ओळखले जाई. केशवरावांची जयंती 9 ऑगस्ट रोजी असते. तिच्या आदल्या रात्री रंगमंच व छप्पर जळताना शहरातील लोकांनी पाहिले. एका शतकाहून अधिक काळ जपलेली वास्तू जळण्यास काही तास पुरले.

वास्तू पुन्हा उभी करता येते. 9 जानेवारी 2021 रोजी पहाटेच्या सुमारास भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या विशेष कक्षात लागलेल्या आगीत दहा अर्भके दगावली; सात बालकांना बाहेर काढण्यात यश आले. त्याच वर्षी विरार येथील एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आणि नोव्हेंबर महिन्यात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात आगी लागून रुग्ण मृत्युमुखी पडले. जे स्वतः उठून बाहेर जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी आगीची वर्दी पाच मिनिटे आधी मिळणे आणि पाच मिनिटे उशिरा मिळणे यांत जीवनमरणाचे अंतर असते.

कायदा काय सांगतो

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 हा डिसेंबर 2008 पासून अंमलात आला आणि त्याखालील नियम 2009 साली तयार झाले. इमारतीत आग प्रतिबंधक साधने बसविण्याची व ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी या अधिनियमाने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. शाळा, रुग्णालये, नाट्यगृहे, सभागृहे, कारखाने अशा अनेक प्रकारच्या इमारती त्याच्या कक्षेत येतात. हे काम कोणीही करावे असे मात्र नाही. त्यासाठी शासनाच्या अग्निशमन सेवा संचालकांकडून अनुज्ञप्ती मिळालेले अभिकरण, म्हणजे व्यवहारातील भाषेत ‘लायसन्स्ड एजन्सी’, असावे लागते. यंत्रणा बसविल्यावर अभिकरणाने प्रमाणपत्र द्यावयाचे असते. त्यानंतर दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत, यंत्रणा सुस्थितीत व कार्यक्षम असल्याचे अभिकरणाचे प्रमाणपत्र मालकाने अग्निशमन अधिकाऱ्याकडे सादर करावयाचे असते.

वर्षातून दोनदा द्यावयाच्या या कागदाला कित्येक ठिकाणी निव्वळ उपचाराचे रूप येते. कागदावर सही अभिकरणाची असली, तरी प्रत्येक खोलीत जाऊन, शिडी लावून, छताजवळचे उपकरण खरोखरच वाजते की नाही हे पाहणारा माणूस बहुधा वीसबावीस वर्षांचा तरुण असतो. त्याने पाहिले नाही, तर कोणीच पाहिलेले नसते. म्हणून त्याला कोणी आणि कसे शिकविले, हा केवळ त्याच्या पोटापाण्याचा प्रश्न राहत नाही.

उमेदवारीची पहिली पायरी

कोल्हापुरात मिस्त्रीच्या हाताखाली राहून कसब उचलण्याची परंपरा जुनी आहे. उद्यमनगरातील अनेक कारखानदारांचे पहिले शिक्षण त्याच पद्धतीने झाले. शिकाऊ उमेदवारी कायदा, 1961 ने या परंपरेला लेखी कराराचे व प्रमाणपत्राचे अधिष्ठान दिले. उमेदवाराचे वय किमान 14 वर्षे असावे लागते; धोक्याच्या म्हणून ठरविलेल्या व्यवसायांसाठी ते 18 आहे. उमेदवार अज्ञान असल्यास त्याच्या वतीने पालक करार करतात. करार शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नोंदवावा लागतो. ही नोंदणी नसेल, तर मालकाने तोंडी दिलेल्या आश्वासनाला कायद्याचा आधार राहत नाही. ग्रामीण भागातील पालकांची याच ठिकाणी चूक होते. मुलगा ‘कामाला लागला’ याचा त्यांना आनंद होतो आणि कागद पाहण्याचे राहून जाते.

कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. तथापि काम शिकताना त्याला इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर असते. विद्यावेतनाबाबत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे प्रमाणपत्र असलेल्या उमेदवारास दरमहा किमान 7,000 रुपये द्यावेत, असे 2019 साली सुधारलेल्या नियमांनी ठरविले. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के व तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढीची तरतूद केली. करार करताना त्या वेळी लागू असलेला दर सल्लागाराच्या कार्यालयातून विचारून घेणे इष्ट होय. 2016 पासून राबविल्या गेलेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेने या विद्यावेतनाचा काही हिस्सा केंद्र शासनाने उचलण्याची सोय केली. उमेदवारी संपल्यावर नोकरी मिळेलच, अशी हमी मात्र कायदा देत नाही. हे मुलाला आधीच स्पष्टपणे सांगावे.

2019 च्याच दुरुस्तीने 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक केले. 4 ते 29 कर्मचारी असलेल्यांना ते ऐच्छिक ठेवले. अग्निसूचक यंत्रणांची कामे करणारी पुष्कळशी अभिकरणे लहान असतात. त्यांच्यावर सक्ती नसल्याने संस्थेतील निदेशकाने किंवा उमेदवाराने स्वतः जाऊन विचारल्याशिवाय ही दारे सहसा उघडत नाहीत. 2014 च्या दुरुस्तीने आणखी एक सोय झाली आहे. ठरवून दिलेल्या यादीबाहेरचा व्यवसायही ‘वैकल्पिक व्यवसाय’ म्हणून मालकाला स्वतः आखता येतो. त्यामुळे अग्निसूचक यंत्रणेचे काम शिकविण्यासाठी वेगळ्या नावाच्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही.

औद्योगिक प्रशिक्षणाच्या व्यवसायांत ‘फायर टेक्नॉलॉजी ॲण्ड इंडस्ट्रियल सेफ्टी मॅनेजमेंट’ हा व्यवसायही आहे. परंतु तो सर्वच संस्थांत शिकविला जात नाही. वीजतंत्री, तारतंत्री किंवा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक यांपैकी एक व्यवसाय पूर्ण केलेला मुलगा या कामाला चांगला उपयोगी पडतो. ज्याला पुढे अग्निशमनशास्त्राचे सखोल शिक्षण घ्यावयाचे असेल, त्याला नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय दूर नाही. हे महाविद्यालय 1956 साली उत्तर प्रदेशातील रामपूर येथे सुरू झाले आणि दुसऱ्या वर्षी नागपूरला आले.

शिडीवरचे शिक्षण

पहिले काही आठवडे उमेदवाराच्या हाती फारसे काही दिले जात नाही. शिडी धरणे, भिंतीला भोक पाडताना खाली पडणारा भुगा झेलणे, पाइपातून केबल ओढणे, प्रत्येक केबलच्या टोकाला खुणेची चिठ्ठी लावणे, ही त्याची कामे. मुलाला ती कमीपणाची वाटतात. पण चिठ्ठी न लावलेल्या चाळीस केबली जेव्हा पॅनेलपाशी एकत्र येतात, तेव्हा या कामाची किंमत त्याला आपोआप कळते.

त्यानंतर पॅनेलचा परिचय होतो. अग्निसूचक यंत्रणेचे पॅनेल म्हणजे इमारतीच्या प्रवेशाजवळ किंवा पहारेकऱ्याच्या खोलीत भिंतीवर बसविलेली दिव्यांची पेटी. इमारतीचे भाग पाडलेले असतात व प्रत्येक भागातील उपकरणे एका तारेच्या जोडीवर असतात. धुराची चाहूल घेणारे ते स्मोक डिटेक्टर, उष्णतेवर चालणारे ते हीट डिटेक्टर, आणि काच फोडून हाताने सूचना द्यावयाची ती लाल पेटी. यांपैकी कोणीही इशारा दिला की पॅनेलवर त्या भागाचा दिवा लागतो व इमारतीत हूटर वाजू लागतो. मोठ्या इमारतींतील नव्या यंत्रणांत प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र क्रमांक असतो आणि नेमकी कोणती खोली, हे पॅनेलवर अक्षरांत उमटते.

येथे उमेदवाराला एक महत्त्वाची गोष्ट शिकविली जाते. घरातील दिव्याची तार तुटली तर दिवा लागत नाही आणि ती गोष्ट त्याच संध्याकाळी कळते. डिटेक्टरची तार तुटली, तर ते कळणार कसे? आग लागेपर्यंत तो गप्पच असतो. बिघडलेलाही गप्प आणि चांगलाही गप्प. यावर उपाय म्हणून तारेच्या शेवटच्या टोकाला एक लहानसा रोधक जोडतात. पॅनेल त्या तारेतून सतत अल्पसा प्रवाह सोडून ठेवते. तार अखंड असेल तर हा प्रवाह ठरावीक राहतो; डिटेक्टरने धूर ओळखला तर तो वाढतो; तार कोठे तुटली तर थांबतो आणि पॅनेलवर दोषाचा पिवळा दिवा लागतो. अडाणी किंवा घाईतला माणूस हा रोधक तारेच्या टोकाला न लावता पॅनेलच्या आतच जोडून मोकळा होतो. दिवा पिवळा होत नाही, मालक समाधानी असतो, आणि बाहेरची सगळी तार कापून नेली तरी पॅनेल ‘सर्व ठीक’ असेच सांगत राहते. ही लबाडी ओळखता येणे आणि ती स्वतः न करणे, हे उमेदवारीच्या पहिल्या वर्षातले मोठे शिक्षण होय.

कोणते उपकरण कोठे बसवावे, यालाही शास्त्र आहे. भारतीय मानक आय. एस. 2189 मध्ये त्याचे नियम दिलेले आहेत. स्वयंपाकघरात स्मोक डिटेक्टर बसविला तर फोडणीच्या धुरानेही हूटर वाजतो. तेथे हीट डिटेक्टरच योग्य. पंख्याच्या झोतात किंवा छताच्या कोपऱ्यात, जेथे धूर पोहोचतच नाही, तेथे बसविलेला डिटेक्टर शोभेचा ठरतो. कोल्हापूरचा पाऊस व दमट हवा, ओतशाळांतील धूळ, इचलकरंजीच्या मागांजवळ उडणारा कापसाचा तंतू, यांमुळे उपकरणे वरचेवर साफ करावी लागतात. नव्या इमारतीत रंगकामाच्या वेळी डिटेक्टरवर बसविलेली प्लॅस्टिकची टोपी काढावयाची राहून जाते, हा प्रकार तर या व्यवसायातील कोणालाही अपरिचित नाही. टोपीखालचा डिटेक्टर वर्षानुवर्षे स्वच्छ राहतो आणि त्याला धूर कधीच दिसत नाही.

खोटा इशारा हा या व्यवसायाचा खरा शत्रू मानावा लागेल. दोनचार वेळा विनाकारण हूटर वाजला की पहारेकरी वैतागतो, व्यवस्थापकाला कटकट नको असते, आणि कोणीतरी पॅनेलवरील कळ दाबून आवाज कायमचा बंद करून टाकतो. अशा वेळी दुरुस्तीस आलेल्या मुलाने नुसती कळ पूर्ववत करून निघून जाऊ नये. खोटा इशारा कशामुळे आला हे शोधावे, उपकरण बदलावे किंवा त्याची जागा बदलावी आणि नोंदवहीत कारण लिहावे. नोंदवही लिहिण्याचा कंटाळा करणारा तंत्रज्ञ कितीही हुशार असला, तरी अर्धाच शिकलेला समजावा.

पाण्याच्या फवाऱ्यांचे काम तुलनेने सोपे वाटते. छताला दिसणाऱ्या लहान तोटीत काचेची कुपी असते; तांबड्या द्रवाची कुपी 68 अंश सेल्सिअसला फुटते व त्याच तोटीतून पाणी सुटते. चित्रपटात दाखवितात त्याप्रमाणे सर्व तोट्या एकदम सुरू होत नाहीत. मात्र पाइपात दाब नसेल, टाकी रिकामी असेल किंवा पंपाचा स्विच हाताने बंद करून ठेवला असेल, तर कुपी फुटूनही उपयोग नाही. म्हणून उमेदवाराने दर भेटीत आधी पंपघरात जावे आणि दाबमापकाचा काटा पाहावा.

कुलूप आणि वाट

सुरक्षा यंत्रणेचा विद्यार्थी अग्निसुरक्षेचाही विद्यार्थी असला पाहिजे, याचे कारण दरवाजा हे आहे. चोर आत येऊ नये म्हणून दार बंद हवे. आग लागल्यावर माणसे बाहेर पडावीत म्हणून तेच दार उघडे हवे. 25 मार्च 1911 रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट या कपड्यांच्या कारखान्यास आग लागली, तेव्हा बाहेर पडण्याचे एक दार कुलूपबंद होते. 146 कामगार मृत्यू पावले व त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. 13 जून 1997 रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 59 प्रेक्षक मरण पावले. तेथेही बाहेर पडण्याच्या वाटांचा प्रश्नच जीवघेणा ठरला.

आता कार्ड दाखवून किंवा बोट टेकवून उघडणारी दारे बँकांत, कार्यालयांत व रुग्णालयांत सर्रास दिसतात. त्यांतील विद्युत्चुंबकाचे कुलूप विजेवर धरलेले असते; वीज तोडली की ते सुटते. म्हणून अग्निसूचक पॅनेलने इशारा देताच या कुलपाची वीज तुटेल अशी जोडणी करावी लागते. कॅमेरे बसविणारा एक, कुलूप बसविणारा दुसरा व अग्निसूचक यंत्रणा बसविणारा तिसरा, अशी कामाची वाटणी झाली की ही एक तार जोडावयाची राहून जाते. दोन्ही अंगे शिकलेल्या उमेदवाराला म्हणूनच मागणी असते. काही जागी, उदाहरणार्थ कारागृहात किंवा मनोरुग्णालयात, दारे आपोआप उघडून चालत नाही. तेथे किल्ल्या कोणापाशी, किती अंतरावर व रात्री कोण जागे, याचा विचार तारेच्या जागी माणसाला करावा लागतो.

पंचायत, शाळा आणि उमेदवार

16 जुलै 2004 रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेला लागलेल्या आगीत 94 मुले दगावली. त्या दुर्घटनेनंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली शाळांत अग्निशामक साधने ठेवण्याचे व शिक्षकांना ती वापरण्याचे प्रशिक्षण देण्याचे आदेश दिले. आज बहुतेक शाळांच्या भिंतीवर तांबडे नळकांडे दिसते. त्याच्या दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही, खिळ जागेवर आहे की गंजली आहे, आतील पावडर तळाशी बसून घट्ट झाली आहे का, आणि पुनर्भरणाची तारीख उलटून किती महिने झाले, हे पाहणारे शिक्षक थोडे. खेड्यातील आगही वेगळी असते. गुऱ्हाळघराजवळची चिपाडाची गंजी, शेतात पेटविलेले पाचट, आहाराच्या स्वयंपाकगृहातील गॅसची टाकी, या तिन्ही ठिकाणी आग वेगळ्या तऱ्हेने पसरते. तापलेल्या तेलाच्या किंवा विजेच्या आगीवर पाणी ओतू नये, एवढी एक गोष्ट जरी गावातील प्रत्येक स्वयंपाकी व पंपचालकास ठाऊक झाली, तरी बरेच साधेल.

याकामी गावातलाच उमेदवार फार उपयोगी पडू शकतो. तो परका नसतो. त्याच्या ओळखीच्या शाळेत त्याने शिडी लावली तर मुले त्याच्याभोवती जमतात. मुख्याध्यापकांनी जानेवारी किंवा जुलैतील तपासणीच्या दिवशी त्याला आणि त्याच्या वरिष्ठ तंत्रज्ञाला थोडा अधिक वेळ थांबवून घ्यावे. हूटर प्रत्यक्ष वाजवून पाहावा व सर्व वर्गांना मैदानात येण्यास किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून मोजावे. तपासणीच्या कागदावर सही करण्यापूर्वी कोणते डिटेक्टर वाजवून पाहिले, त्यांची यादी मागावी. यादी मागितली की तपासणीची तऱ्हा बदलते, असा अनुभव आहे. ग्रामपंचायतीने मंगल कार्यालय किंवा वाचनालय बांधताना अंदाजपत्रकात यंत्रणेच्या खरेदीबरोबर तिच्या वार्षिक देखभालीची रक्कमही धरावी. देखभालीला पैसे नसले की पहिल्या पावसाळ्यानंतर पॅनेलची बॅटरी उतरते आणि वीज गेलेल्या रात्री यंत्रणाही झोपी जाते.

14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. 1944 साली याच तारखेस मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीवर झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशामक दलाचे 66 जवान मरण पावले. त्यानंतरचा आठवडा अग्निसुरक्षेच्या प्रचाराचा असतो. दहावी-बारावीच्या परीक्षा तोवर आटोपलेल्या असतात आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्रवेशाची चौकशी थोड्याच दिवसांत सुरू व्हावयाची असते. शाळांनी याच आठवड्यात एखाद्या अभिकरणाच्या तंत्रज्ञाला पॅनेलसह बोलावून मुलांना ते उघडून दाखवावे. ज्यांना या कामाची गोडी वाटेल, त्यांनी व्यवसायाची निवड व पुढील उमेदवारी यांविषयी आपल्या जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विचारावे. कोल्हापूर परिसरातील मुलांसाठी ती संस्था कळंबा रस्त्यावर आहे. उमेदवारीची नोंदणी केंद्र शासनाच्या शिकाऊ उमेदवारीच्या संकेतस्थळावर होते. त्यासाठी आधार कार्ड, शाळेचे व संस्थेचे प्रमाणपत्र आणि उमेदवाराच्या स्वतःच्या नावाचे बँक खाते तयार ठेवावे.